लाखी कोणाच्या नावावर

मोहटोल्याच्या आखरावर सकाळी दोनशे जनावरं गोळा झाली तरी खुशाल नेवारेला ती मोजावी लागत नसत. मोजणं हे परक्याचं काम. खुशाल एकदा नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "लांजेवाराची बांडी नाही आली आज." आणि खरंच, पाच मिनिटांनी लांजेवारांची सून त्या शेपूटतुटक्या गाईला हाकलत, घरच्यांच्या नावानं बोटं मोडत यायची.

लाखांदूर तालुक्यातली ही गावं धानाची. गाव म्हटलं की एक तलाव, एक आखर आणि एक गायकी आलाच. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथं घरोघरची जनावरं सकाळी जमतात. गायकी म्हणजे ती दिवसभर रानात चारून दिवस मावळायच्या आत ज्याच्या त्याच्या दारी आणून सोडणारा माणूस. त्याच्यावाचून गावाचा एक दिवस जात नाही. ग्रामसभेत मात्र त्याला कोणी खुर्ची देत नाही, तो दाराशी उकिडवा बसतो. खुशाल चाळीस वर्षं गायकी होता आणि चाळीस वर्षं दाराशीच बसला.

त्याला अक्षरओळख नव्हती, पण खूरओळख होती. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, चिखलात उमटलेला खूर बघून तो जनावर कोणाचं, गाभण आहे का, कोणत्या पायानं लंगडतं, हे सांगायचा. गावातल्या शिकल्यासवरल्यांना यात फार काही वाटत नसे. जनावर हरवलं की मात्र हेच शिकलेसवरले चपला न घालता त्याच्या झोपडीकडे पळत.

करुणा कापगते ही गावची सून. माहेर वरठीचं, भाऊ तिथल्या स्टीलच्या कारखान्यात. बचत गटानं तिला पशुसखी म्हणून निवडलं, तेव्हा शेळी कोणती आणि बोकड कोणता यापलीकडे तिला जनावरांतलं काही कळत नव्हतं. हे तिच्या सासूचं मत, आणि सासू थोडं वाढवून सांगायची. भंडाऱ्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग झालं, छातीवर लावायला ओळखपत्र मिळालं, लशींचा डबा मिळाला. खरं शिकवलं ते खुशालनं. पहिल्याच दिवशी ती सुई घेऊन एका गाईच्या मागून गेली आणि गाईनं तिला तनशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात फेकलं. गाव हसलं. खुशाल हसला नाही.

"बाई, जनावराले आधी आपला वास घेऊ द्या," तो म्हणाला. "हात समोर धरा. त्यानं हुंगलं, नाक फुरफुरलं, का मंग सुई दाखवा. चोरावानी मांगून नोका जाऊ."

त्यानंतर ती सहा वर्षं आखरावर जात राहिली. लस टोचायची ती, आणि जनावराच्या मानेवर हात ठेवून त्याच्या कानात काहीबाही बोलत उभा राहायचा तो. दवाखान्यातले साहेब तिच्या कामाचं कौतुक करत, तेव्हा त्यात अर्धा वाटा खुशालचा आहे हे तिला माहीत असायचं. साहेबांना तिनं ते कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

आता लाखीबद्दल. दोनशे गाई चारणाऱ्याच्या घरी चहा काळाच व्हायचा, कारण त्याची स्वतःची गाय नव्हती. मग एका वर्षी मारोतराव डोंगरवारांची गाय भरल्या दिवसांत रानात राहिली. मारोतराव गावातले खातेपिते शेतकरी, मनानं मोकळे. त्या दिवसांत वाघाची दहशत होती, मोहफुलं वेचायलाही कोणी जात नव्हतं. मारोतरावांनी स्वतः सांगितलं, "जाऊ दे गाय, खुशाल. जीव सांभाळ." खुशाल गेलाच. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो तलावाच्या पाळीवरून येताना दिसला. खांद्यावर लाखेच्या रंगाची एक ओली कालवड, आणि मागून गाय, चाटायला मान पुढं करत.

मग दिवाळीचं गायगोधन आलं. मोहटोल्यात त्या दिवशी सगळी जनावरं शिंगं रंगवून आखरावर आणतात, गोवारी ढोल वाजवून नाचतात. ढोल थांबवून मारोतरावांनी त्या कालवडीच्या कपाळाला हळद लावली आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "आजपासून हे खुशालची. राहीन माह्या कोठ्यात, खाईन माही तनीस. दूध खुशालचं, शेण माझं." खुशालच्या झोपडीला गोठा नव्हता, म्हणून ही सोय. गोधनात उच्चारलेला शब्द रजिस्ट्रीच्या वरचा, असं मोहटोल्यात मानतात. निदान तेव्हा मानत. लाखीला पहिलं वासरू झालं आणि खुशालची बायको रुखमिणी रोज सकाळी दुधासाठी गंज, म्हणजे पातेलं, घेऊन डोंगरवारांच्या कोठ्यात जायला लागली. शोभाताई, म्हणजे मारोतरावांच्या पत्नी, तिच्यासाठी पाट मांडून ठेवायच्या. गावात याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं, इतकं ते अंगवळणी पडलं.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात बिल्ले आले. पिवळे, प्लास्टिकचे, बारा आकडी नंबराचे. प्रत्येक जनावराच्या कानात एक, आणि मोबाइलवर त्या नंबरापुढं जनावराचा रंग, वय, वेत, लशी आणि मालकाचं नाव. बिल्ला नसेल तर बाजारात विकता येणार नाही, असा हुकूम निघाला. गावकऱ्यांनी त्याला गाईचं आधार कार्ड म्हणून टाकलं आणि विषय संपवला. टोचायला दवाखान्यातला माणूस येणार होता, नोंद करायला करुणा.

आखरावर तीन सकाळी हे काम चाललं. खुशाल जनावर धरायचा, कान धरायचा, चिमट्याचा खटका व्हायचा आणि करुणा विचारायची, "हे कोनाचं?" खुशाल क्षणभरही न थांबता सांगायचा. नाव, घर, कितवं वेत, आई कोणती. त्याच्या तोंडून सगळं मोबाइलात चढत गेलं. खरं तर ती नोंदवही खुशालचीच होती, करुणा फक्त बोटं चालवत होती.

तिसऱ्या दिवशी लाखी आली. नियम असा होता की मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की नाव चढतं. खुशालकडे मोबाइल नव्हता. त्याची मुलगी गुड्डी तुमसरला दिलेली, राइस मिलमध्ये कामाला जायची. तिचा नंबर रुखमिणीनं कागदावर लिहून आणला होता. करुणानं तो टाकला, मग गुड्डीला फोन लावला. मिलच्या आवाजात फोन कोण ऐकतो? दोनदा लावला, तीनदा लावला. ओटीपीची मुदत संपली. ऊन चढलं, जनावरं बिथरायला लागली, आणि साहेबांचा मेसेज आला की मोहटोल्याची यादी आज दुपारपर्यंत पूर्ण पाहिजे.

मारोतराव तिथंच उभे होते. त्यांच्या सहा जनावरांची नोंद त्यांच्या मोबाइलवर आत्ताच झाली होती.

"सध्या तुमच्या नावानं टाकते लाखीले," करुणा म्हणाली. "मंग बदलवून देईन."

मारोतरावांच्या कपाळाला आठी पडली. "माह्या नावानं काहून? ते खुशालची आहे ना जी."

"दोन-चार दिवसांत करून देईन ना काकाजी. आज यादी बंद होऊन राहिली."

खुशालनं लाखीचा कान हातात धरला होता. त्यानं विचारलं, "बाई, ह्या नंबरात नाव राहते का?"

"राहते."

"मंग मारोतरावाचं राहीन सध्या?"

"सध्या."

"चालते," खुशाल म्हणाला. त्यानं लाखीच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि खटका झाला.

दोन-चार दिवसांचे दोन-चार आठवडे झाले. करुणानं टाळाटाळ केली असं म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. आधी ॲपच बंद पडलं. मग ते चालू झालं तेव्हा शेळ्यांच्या लशी आल्या. मग धानाची रोवणी लागली, घरच्या बांधीत चिखलात उतरावं लागलं. पोळ्याच्या सुमारास खुशालनं एकदा आठवण करून दिली, तीही किती आडून. "बाई, लाखी गाभन आहे. व्याल्यावर नाव बदलते का आधी, तुमच्यात कसं राहते?" ती हसून म्हणाली, "केव्हाबी बदलते, खुशालबा. तुमी काळजी नोका करू." दिवाळीच्या गोधनात तिनं त्याला पाहिलं आणि आठवलं. ढोलाच्या आवाजात ती म्हणाली, उद्याच. उद्या मुलीच्या, तेजस्विनीच्या, परीक्षेची फी भरायला लाखांदूरला जायचं होतं. कारणं सगळी खरी होती. हीच तर वाईट गोष्ट आहे, माणसाला खोट्या कारणांची लाज वाटते, खऱ्यांची वाटत नाही. खुशालनं त्या पोळ्यानंतर पुन्हा विचारलं नाही. विचारणं हा त्याचा स्वभावच नव्हता, तो वाट बघणारा माणूस होता.

पौषात मारोतराव गेले. सकाळी छातीत कळ आली आणि भंडाऱ्याला नेईपर्यंत खेळ आटोपला. त्यांचा मुलगा अनुप पुण्याला नोकरीला. होस्टेलात वाढलेला, गावी सणासुदीला येणारा, स्वभावानं वाईट अजिबात नाही. आईला एकटं ठेवायचं नाही, पुण्याला न्यायचं, शेती बटईनं द्यायची आणि जनावरं विकून कोठा बंद करायचा, असं त्यानं ठरवलं. चुकीचं काय होतं त्यात?

फाल्गुनात करुणा वरठीला भावाकडे गेली होती, भाचीच्या साखरपुड्याला. हातात मेंदीचा कोन, समोर पोरीबाळींचा गोंधळ. तेवढ्यात अनुपचा फोन आला. "वहिनी, बाबांच्या नावावर किती जनावरं आहेत, ती बिल्ल्याच्या नंबरांसकट यादी पाठवता का? व्यापारी म्हणतो, नंबर जुळले तरच गाडी भरतो." तिनं डाव्या हातानं ॲप उघडलं, मारोतराव डोंगरवार या नावावर बोट ठेवलं, यादीचा फोटो काढला आणि पाठवून दिला. सात नंबर होते. तिनं मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि उजाडता उजाडता भरून गेली. खुशाल आखरावर आला, त्यानं नजर फिरवली आणि कोणाला काही न बोलता डोंगरवारांच्या घराकडे चालू लागला. कोठ्यात सात दावी मोकळी होती. रुखमिणी गंज हातात घेऊन दाराशी उभी होती. लाखी तेव्हा आटलेली होती, सात-आठ महिन्यांची गाभण. पण रुखमिणी सवयीनं रोज येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून जायची.

अनुपनं मोबाइल दाखवला. "काका, हे बघा ना. सातही बाबांच्या नावावर आहेत. मला काय माहीत?" आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. ती हळद लागली तेव्हा तो होस्टेलात होता. शोभाताई आतून आल्या, त्यांना वाटत होतं गाडीत सहाच चढली. त्या कपाळावर हात मारून खाली बसल्या.

खुशालनं मोबाइलकडे पाहिलं. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. "बराबर आहे," तो म्हणाला. "नाव तं तेच होतं." आणि तो आखरावर परत गेला, कारण तिथं बाकीची जनावरं खोळंबली होती.

करुणाला हे चार दिवसांनी कळलं, गावात पाय ठेवल्यावर, बसस्टॉपवरच. कोणी तिला दोष दिला नाही. गावाला वाटलं अनुपनं गडबड केली. दोष कुणाचा ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक बोलत नव्हता. ती तशीच अनुपकडे गेली, घाम पुसत सगळं सांगितलं. अनुप लगेच उठला आणि लाखीचे पैसे द्यायला खुशालच्या झोपडीवर गेला. खुशालनं हात मागं घेतले. "म्या गाय इकलीच नाही, तं पैसे कायचे?" एवढंच बोलला, आणि पोराला पाणी प्यायला दिलं.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, लाखी तुमसरच्या बाजारात गेली, पुढं कोणी घेतली आठवत नाही. मग करुणानं एकच नाद धरला. रोज सकाळी चहाआधी ती ॲपमध्ये लाखीचा नंबर टाकायची. बारा आकडे तिला पाठ झाले होते. रोज तेच दिसायचं: मोहटोला, लाल रंग, मालक मारोतराव डोंगरवार. मेलेल्या माणसाच्या नावावर विकलेली गाय. पण ज्या बिल्ल्याला तिनं मनातून शिव्या घातल्या, त्यानंच शेवटी काम केलं, हेही सांगायला हवं. आषाढ संपता संपता एका सकाळी त्या नंबराखाली एक नवी ओळ आली. खुरकुताची लस दिली. गावाचं नाव तुमसरच्या पुढचं, रोडपासून आत. व्यालेली, एक वासरू.

रोवणी उरकल्यावर एका शुक्रवारी दोघं निघाले. खुशालनं आखर मेव्हण्याच्या स्वाधीन केलं. चाळीस वर्षांतला हा त्याचा पहिला खाडा, लग्नातसुद्धा त्यानं सकाळी जनावरं सोडून मग हळद लावून घेतली होती म्हणतात. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, आणि बगलेत गुंडाळलेलं एक दावं. लाखांदूरहून एसटी, भंडाऱ्याला बदलून दुसरी, मग तुमसरहून ऑटो. सगळा वेळ तो खिडकीतून लोकांची जनावरं बघत होता आणि अधूनमधून म्हणत होता, "त्या बैलाचा खांदा आला आहे, मालकाले दिसत नाही का?" करुणाला वाटलं, आज हा खुश आहे. तिच्याही छातीवरचा दगड थोडा हलला. नंबर आहे, नोंद आहे, साक्षीला अनुप फोनवर आहे. समजावून सांगू, पैसे परत देऊ, गाय आणू. प्रवासभर ती मनात वाक्यं जुळवत होती.

घर सापडलं. कुडाच्या भिंतीचं, दारात चिखल, पण शेणानं सारवलेला ओटा आणि ओट्यावर मंगलाबाई नावाची पस्तिशीची बाई. नवरा मिलमध्ये पोती उचलायचा, दोन वर्षांपूर्वी पाठ मोडून घरी बसलेला. तो आत खाटेवर होता, त्याचा खोकला ऐकू येत होता. करुणानं ओळखपत्र दाखवलं, मोबाइल काढला आणि नंबर वाचायला सुरुवात केली. मंगलाबाईचा चेहरा पांढरा पडला.

"चोरीची आहे का वो बाई? आमी बाजारातून घेतली जी. गटाचं कर्ज काढून घेतली."

"नाही नाही, चोरीची नाही," करुणा म्हणाली. "पन तिचे मालक हे आहेत. चुकून इकल्या गेली."

मंगलाबाईनं खुशालकडे पाहिलं. त्याचं पागोटं, बगलेतलं दावं, सगळं पाहिलं. पाच महिने तिनं त्या गाईवर संसार रेटला होता. गाभण घेतली, वेणं निभावलं, आता पाच घरी दूध जात होतं. ती रडली नाही की भांडली नाही. थोडा वेळ पदराचं टोक पिळत उभी राहिली आणि मग म्हणाली, "आमच्याकडं एक रीत आहे, बाबाजी. तुमची असल तं हाक मारा. तुमच्या हाकेले आली, का घेऊन जा. म्या आडवी नाही येनार."

करुणाला वाटलं, सुटलो. मोहटोल्याच्या रानात खुशालच्या एका हाकेवर लाखी अर्ध्या कोसावरून शेपूट उचलून धावत यायची, हे तिनं शंभरदा पाहिलं होतं.

परसात पडवीखाली लाखी होती. पाठमोरी, तनीस खात. अंगावर चमक होती, आंचळं भरलेली. शेजारी तिच्याच रंगाचं वासरू तिच्या पोटाखाली ढुशा देत होतं. खुशाल कुडाच्या आड थांबला. वारा कुठून येतो ते त्यानं बघितलं आणि दोन पावलं डावीकडे सरकला, तिला वास लागू नये म्हणून. करुणाला ते तेव्हा कळलं नाही. तो बराच वेळ बघत राहिला. गाईचे खूर, मग कास, मग वासराचं पोट भरलेलं आहे का ते. आतून नवऱ्याचा खोकला येत होता.

मग तो वळला. "हे आमची नाही," तो म्हणाला.

करुणानं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "खुशालबा, नंबर जुळला ना. आत्ताच वाचला म्या."

"आमचीच्या डाव्या शिंगाले खाच होती. हिच्या शिंगाले खाच नाही." तो मंगलाबाईकडे वळून म्हणाला, "बिल्ले चुकतात, बाई. कुठचा बिल्ला कुठं लागते. तुमी बिनघोर राहा. फक्त दूध काढाले डाव्या बाजूनं नोका बसू, उजवीकडून बसा. अना व्यालेलीले मिठाचा खडा देत जा."

लाखीच्या शिंगाला खाच कधीच नव्हती. मंगलाबाई त्याच्या पायाशी वाकली, तो मागं सरला. तेवढ्यात परसातून गाय हंबरली, एकदा, मग पुन्हा लांबून ओढत.

"वासरासाठी हंबरते," मंगलाबाई म्हणाली.

"हो," खुशाल म्हणाला, आणि दावं तिच्या ओट्यावर ठेवून भराभर रस्त्याकडे निघाला.

करुणा मागं थांबली. मंगलाबाईनं तिचा हात धरला. "बाई, हिचं नाव माह्या नावानं करून देता का? नाही तं उद्या आनखी कोनी येईन." व्यापाऱ्यानं नोंद बदललीच नव्हती. दुसऱ्या तालुक्यातलं काम आपल्या लॉगिनवरून होईल की नाही, याची करुणाला खात्री नव्हती. तिनं उभ्या उभ्या नंबर टाकला. मालक बदल. नवीन नाव, मोबाइल नंबर. मंगलाबाईच्या कमरेला खोचलेला साधा फोन वाजला. तिनं आकडे एकेक करून वाचून दाखवले. झालं. गाईच्या नोंदीत आता आधीचा मालक मारोतराव आणि आताची मालकीण मंगलाबाई. मधे कोणी नाही. करुणानं स्क्रीन वरून खालपर्यंत पुन्हा पाहिली. खुशाल नेवारे हे नाव त्यात कुठंच नव्हतं, आणि आता कधी येणारही नव्हतं.

रोडवर तो एका बाभळीखाली उकिडवा बसला होता. ऑटोला वेळ होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"काहून नाही हाक मारली?" तिनं विचारलं.

"आनून बांधू कुठं, बाई? मारोतरावाचा कोठा बंद झाला. अना त्या घरी दुसरं आहे काय, तुमीच पायलं ना."

"मंग इतक्या दूर आलात कायले?"

"पाहाले. खाऊनपिऊन आहे का नाही, पाहाले." त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "बरी आहे. चांगली ठेवली बाईनं."

करुणाला आता बोलावंच लागलं. सकाळपासून जुळवलेलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. "माझं चुकलं, खुशालबा. तुमच्या गाईले म्याच परकी केली. नाव बदलवते बदलवते म्हनलं अना बदलवलं नाही. यादीबी म्याच पाठवली."

खुशालनं हात हलवला, माशी उडवल्यासारखा. "तुमाले किती काम राहते, पाहतो ना मी. शेळ्या, लशी, मीटिंगा. तुमी कायले मनाले लावून घेता." तो रस्त्याकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "त्या बाईचं नाव चढलं का?"

"चढलं."

"कितीक टाइम लागला?"

खोटं बोलावं असं करुणाला फार वाटलं. अर्धा तास म्हणावं, साहेबांना फोन करावा लागला म्हणावं.

"तीन मिनिटं," ती म्हणाली.

"तीनच?" खुशाल म्हणाला, आणि त्यानं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं. आणि करुणाला तेव्हा कळलं की तो वर्षभर का थांबला, पुन्हा का विचारलं नाही. त्याला वाटत होतं ते फार मोठं काम असेल.